मका कॉन्ट्रॅक्टवर, लिली पर्मनंट

आमच्या ग्रुपमध्ये सध्या एक साथ आलीय. मातीची! एके काळी शनिवार उजाडला की हे लोक मल्टिप्लेक्सची तिकिटं नाहीतर लोणावळ्याचं बुकिंग शोधायचे. आता शनिवारी पहाटे साडेपाचला मेसेज येतो, ‘निघालो. आसनगावला चहा?’ ईएमआय, अप्रेझल आणि बॉसचे रात्री अकराचे मेल यांनी पिचलेली ही तिशीतली मंडळी वीकेण्डला चक्क खुरपं घेऊन बसतात. कुणाचा प्लॉट शहापूरला, कुणाचा मुरबाडला. ज्याच्या घरात आजोबांच्या नावाचा सातबारा निघाला त्याचा भाव तर एकदम वधारलाय, कारण महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर मुळात शेतकरी असावं लागतं. बाकीच्यांनी एनए प्लॉट घ्यायचा आणि त्यालाच ‘माझं शेत’ म्हणायचं. चालतंय की!

प्लॉट झाला, कुंपण झालं, गेटवर स्वतःच्या नावाची पाटी झाली की पुढचा प्रश्न येतो. लावायचं काय? आंबा आणि चिकू सगळेच लावतात, पण ते फळ देणार काही वर्षांनी. आपल्या पिढीला सगळं या सीझनला हवं असतं. लगेच दिसणारं, पाहुण्यांना दाखवता येणारं, जमलं तर फोटोत छान येणारं. इथेच आमच्या ग्रुपचे दोन तट पडलेत. शहापूरकर मित्र म्हणतो, शोभेचा मका. मुरबाडकर मैत्रीण म्हणते, स्पायडर लिली. गेल्या वर्षभरात दोघांच्याही प्लॉटवर इतका चहा प्यायलोय की आता निकाल देणं भागच आहे.

तर मंडळी, ऐका.

आधी ओळख करून घेऊ

शोभेचा मका म्हणजे नेहमीच्या मक्याचाच नटवा भाऊ. झाड तेच, पानं तीच, तुरा तोच. कणसाचं पान सोललं की मात्र आत रंगांचा खजिना! जांभळे, लालभडक, निळसर, गुलाबी, मधासारखे दाणे एकाच कणसावर. यातलं जगभर गाजलेलं वाण म्हणजे ‘ग्लास जेम’. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या कार्ल बार्न्स नावाच्या शेतकऱ्याने ते निवडत निवडत तयार केलं. त्याचं घराणं काही अंशी चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीचं. त्या मुळांचा शोध घेताना तो जुनी मक्याची वाणं गोळा करायला लागला आणि रंगीत दाणे वेगळे काढून पेरत राहिला. २०१२ मध्ये त्या कणसाचा एक फोटो इंटरनेटवर असा पसरला की बियाण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. फोटो खोटा नव्हता. दाणे खरंच काचेच्या मण्यांसारखे दिसतात.

आणि रंगीत दाण्यांना कमी लेखू नका हं! मक्याच्या ठिपकेदार दाण्यांकडे वर्षानुवर्षं बघत बसलेल्या बार्बरा मॅक्लिंटॉक या शास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं की काही जनुकं आपली जागा सोडून दुसरीकडे उडी मारतात, म्हणून रंग असे तुटक उमटतात. तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांचं म्हणणं मनावर घेतलं नाही. १९८३ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. कणसाकडे टक लावून बघणं फुकट जात नाही ते असं!

आता लिली. स्पायडर लिली तुम्ही हजारदा पाहिलीय, फक्त नाव विचारलं नाहीत. सोसायटीच्या कम्पाउंडला, हायवेच्या डिव्हायडरला, बँकेच्या दारातल्या वाफ्यात पट्ट्यासारखी हिरवीगार पानं आणि मधून वर आलेल्या दांड्यावर पांढरी फुलं. सहा लांब, निमुळत्या पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या आणि मधे पातळ पडद्याची वाटी. शास्त्रीय नाव हायमेनोकॅलिस, म्हणजे ग्रीकमध्ये ‘सुंदर पडदा’. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. म्हणजे मका आणि लिली, दोघंही एकाच मुलखातून आलेले! फूल संध्याकाळी उमलतं, कारण गिऱ्हाईक रात्रीचं असतं, मोठे पतंग. त्यामुळे दिवसभर गप्प असलेली लिली संध्याकाळी सात वाजता गोडसर वासाने अख्खं अंगण ताब्यात घेते.

न उमललेल्या कळ्या तर तुमच्या घरीही येऊन गेल्यात. दादरच्या फुलबाजारात लांब, पांढऱ्या-हिरवट कळ्यांच्या जुड्या मिळतात ना, हारात आणि मखराच्या सजावटीत घालायला? तीच ही. दक्षिण गुजरातेत, नवसारी-वलसाडकडे, तिची रीतसर शेती होते.

बाकी ज्या लाल स्पायडर लिलीच्या प्रेमात अ‍ॅनिमे बघणारी पोरं पडलीत, ती वेगळी. तिचं नाव लायकोरिस. जपानात ती भातखाचरांच्या बांधांवर आणि स्मशानांच्या कडेने लावायची जुनी पद्धत आहे, कारण तिचा कंद विषारी असतो आणि बांध पोखरणारे उंदीर, चिचुंद्र्या त्यापासून लांब राहतात. तिला हिवाळ्यातला गारवा लागतो. ठाणे जिल्ह्याच्या दमट उकाड्यात ती फुलेल या भरवशावर पैसे घालू नका. आणि ‘निळी स्पायडर लिली’ म्हणून कुणी ऑनलाइन कंद विकत असेल तर हात जोडा. ती फक्त कार्टूनमध्ये आहे.

पावसाची परीक्षा

आता खऱ्या मुद्द्याकडे. शहापूर-मुरबाडचा पाऊस म्हणजे काय चीज आहे ते जुलैत माहुलीच्या पायथ्याशी किंवा माळशेज घाटात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलीमीटर! या पावसात आनंदाने उभं राहणारं पीक एकच, भात. म्हणून खालच्या खाचरांत भात आणि वरच्या उताराच्या मुरमाड जमिनीवर बाकी सगळं, अशी इथली जुनी वाटणी आहे. पाड्यांवर घरामागे पावसाळ्यात काकडीच्या वेलांशेजारी मक्याची चार झाडं दिसतात तीसुद्धा उतारावर, पाणी न साचणाऱ्या जागी.

मक्याला पाणी आवडतं, पण पायात साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. दोन दिवस मुळं बुडाली की पानं पिवळी पडायला लागतात. वर जमिनीतलं नत्र पावसाबरोबर वाहून जातं आणि मका तर नत्राचा खादाड. पुढचा प्रॉब्लेम शोभेच्या मक्याचा खास. भुट्टा आपण कोवळा तोडतो, भाजतो, लिंबू-तिखट चोळून खातो, विषय संपला. शोभेचं कणीस झाडावरच पूर्ण वाळावं लागतं, तेव्हा रंग पक्के होतात. जूनमध्ये पेरलात तर कणीस वाळायची वेळ येते सप्टेंबरात. भर पावसात! मग काचेचे मणी बाजूला राहतात आणि हातात येते बुरशी.

लिली याच पावसात मजा करते. नाल्याच्या कडेला, पागोळ्यांखाली, जिथे बाकीचं काही टिकत नाही तिथे ती फुगते, फुलते आणि पिल्लं घालते. तिचा पावसाळी शत्रू एकच, लिलीची अळी. काळ्या अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके, दिसायला एकदम स्टायलिश. तिच्या शास्त्रीय नावात ‘ग्लोरिओसी’ आहे, म्हणजे आपली कळलावी. पावसाळ्यात इथल्या डोंगरांवर कळलावीची लाल-पिवळी फुलं दिसतात ना, त्यांच्यावरही हीच बया बसते. दोन दिवस दुर्लक्ष झालं तर पानांची चाळण करते. औषधाचे डबे आणण्यापेक्षा सकाळी चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. निंबोळी अर्कही चालतो. पानं गेली तरी कंद सहसा शाबूत राहतो आणि पुन्हा फुटतो.

पावसाची फेरी लिलीने जिंकली. पण मक्याला लगेच बाद करू नका. त्याची तारीख बदला. गणपतीच्या सुमारास, सप्टेंबरात, उतारावर सरी-वरंबा करून पेरलात तर तुरा येईपर्यंत पाऊस ओसरलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात विहिरींना आणि बोअरना पाणी भरपूर असतं. डिसेंबरच्या कोरड्या, थंड हवेत कणीस छान वाळतं. नाताळला दाराला टांगा, संक्रांतीला भेट द्या. सॉल्लिड दिसतं!

एक ओळ म्हणजे टक्कल

आमच्या मित्राने पहिल्या वर्षी मका लावला तो कुंपणालगत, एका लांबलचक ओळीत. का? तर गेटमधून शिरताना दोन्ही बाजूंना उंच उंच झाडं, मधून गाडी जाणार, एकदम सिनेमातला सीन! झाडं आली सात-आठ फूट. कणसं सोलली तर पोपटाने निवडून खाल्ल्यासारखे अधूनमधून दाणे. बाकी टक्कल.

फंडा साधा आहे. मक्याचं लग्न वारा लावतो. वर तुऱ्यातून परागकण पडतात, खाली कणसाच्या टोकाला रेशमासारखे केस असतात. एक केस म्हणजे एक दाणा. ज्या केसावर पराग पडला नाही तो दाणा भरतच नाही. कणसावर पाचशेच्या आसपास दाणे असतात, म्हणजे पाचशे केसांवर पराग पडायला हवा. एका ओळीत लावलं तर निम्मा पराग वाऱ्याबरोबर शेजारच्या प्लॉटवर जातो. म्हणून मका नेहमी चौकोनात लावायचा, निदान पाच-सहा ओळी शेजारी शेजारी. ओळींत दोन फूट, झाडांत आठ-दहा इंच. (जाता जाता एक पार्टी ट्रिक. कणसावरच्या दाण्यांच्या उभ्या ओळी मोजा. जवळजवळ नेहमी सम आकडाच येतो. पैज लावा आणि जिंका.)

आणि त्या शेजारच्या प्लॉटचं काय? हा प्रश्न आम्ही शहरातले लोक विचारतच नाही. समजा, शेजारच्या काकांनी विकायला स्वीट कॉर्न लावलंय आणि तुमचा मका त्याच आठवड्यात तुऱ्यावर आला. तुमचा पराग त्यांच्या केसांवर पडला की त्यांच्या दाण्याचा गोडवा कमी होतो आणि मधेच जांभळे दाणेही उमटू शकतात. तुमच्यासाठी ती गंमत, त्यांच्यासाठी तो बाजारात नाकारलेला माल. म्हणून मका पेरण्याआधी कुंपणापलीकडे जाऊन विचारायचं, ‘काका, यंदा मका लावताय का? कधी?’ तीन-चार आठवडे मागे-पुढे पेरलं की भांडण मिटतं. बियाणं धरणारे तर दोन शेतांत निदान दोनशे मीटर अंतर ठेवतात. तेवढा प्लॉट आमच्या ग्रुपमध्ये कुणाचाच नाही!

लिलीला असलं काही लागत नाही. एक कंद लावा, तीन-चार वर्षांनी पाटीभर कंद काढा. त्यामुळे विकत तरी का घ्यायची? सोसायटीच्या माळीकाकांना विचारा, दाटलेला वाफा मोकळा करताना ते पिशवीभर देतील. मैत्रिणीची अख्खी रांग अशीच फुकटात आलीय. दीड-दोन फुटांवर लावायचे, कंदाची मान मातीच्या पातळीला ठेवायची. बस्स.

फक्त डोंगरातून कंद उपटून आणू नका. आपल्या सह्याद्रीतही पॅन्क्रेशियम नावाच्या छोट्या, पांढऱ्या रानलिली आहेत. पहिल्या पावसानंतर त्या अशा अवचित उगवतात की ट्रेकवर पाय जपून टाकावा लागतो. बघा, फोटो काढा, पुढे चला. माहुली तर तानसा अभयारण्यात येतो. तिथलं काही उपटणं हा थेट गुन्हाच.

सोमवार ते शुक्रवार कोण?

वीकेण्ड शेतकऱ्याची खरी गोची इथे आहे. आठवड्यातले पाच दिवस तुम्ही अंधेरीत किंवा ठाण्यात, आणि झाड इथे. मक्याला एवढी सुट्टी परवडत नाही. २०१८ मध्ये भारतात शिरलेली लष्करी अळी त्याच्या पोंग्यात जाऊन बसते. ती सोमवारी आली आणि तुम्ही शनिवारी पोचलात तर पोंग्यात भुसा उरतो. कणसं भरली की पोपट येतात, माकडं येतात, आणि रात्री रानडुकरं आली तर सकाळी प्लॉटवर रोलर फिरवल्यासारखं दिसतं. भात कापून झाला की गावातली गुरं मोकळी सुटतात, त्यांना तर मक्याचा ताट म्हणजे बुफेच.

लिलीला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, कारण तिच्या कंदात आणि पानांत लायकोरिन नावाचं विष असतं. शेळ्यांना हे कळतं. माणसांना आणि शहरी कुत्र्यांना कळत नाही! कंद दिसतो कांद्यासारखा. पोटात गेला तर मळमळ, उलट्या, पोटदुखी ठरलेली. त्यामुळे कांदा-लसणाच्या वाफ्याजवळ लिली चुकूनही नको. घरात रांगतं मूल असेल किंवा माती उकरणारं लाडकं लॅब्रेडॉर असेल तर ती कुंपणाच्या कडेलाच ठेवा.

तरीही एकूण हिशोब सरळ आहे. मका कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस. तीन-साडेतीन महिने येणार, भरपूर मागणार, रोज विचारपूस करावी लागणार, पण शेवटी डोळे दिपतील असा रिझल्ट टेबलावर ठेवून निघून जाणार. लिली पर्मनंट स्टाफ. बोलत नाही, मागत नाही, अप्रेझलच्या वेळी कुणाच्या लक्षातही येत नाही आणि दर पावसाळ्यात काम करून मोकळी होते.

आणि मग एप्रिल येतो

इतकं सगळं मी हसत हसत सांगितलं असतं आणि ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय मिटवला असता. पण गेल्या उन्हाळ्यात शहापूरच्या प्लॉटवर जे बघितलं त्यानंतर आवड हा शब्द पुरत नाही.

मित्राच्या घराची वास्तुशांत १ मे ला ठरली होती. आत्याने सुचवलं, रंगीत कणसांची तोरणं कर, आणि साहेबांनी फेब्रुवारीत मका पेरला. या वेळी चौकोनात, शास्त्रशुद्ध. दोनशे झाडं, प्रत्येकाला ठिबक. राखणीला पाड्यावरच्या एक काकी. मार्चपर्यंत सगळं झक्कास. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तुरे आले, केस फुटले आणि त्याच आठवड्यात बोअरची मोटर वीस मिनिटं पाणी देऊन हवा फेकायला लागली.

पाड्याची विहीर त्याआधीच आटली होती. टँकर येतो म्हणायचे, तो कधी यायचा, कधी नाही. त्यामुळे सकाळी सहाला प्लॉटच्या नळावर बायकांची रांग लागायची. शहापूरला हे दृश्य नवीन नाही. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, मुंबईच्या नळाला येणारं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसा धरणातून येतं आणि भातसा याच तालुक्यात आहे. १८९२ मध्ये बांधून झालेलं तानसाही इथलंच. तिकडे मुरबाड तालुक्यातलं बारवी कल्याण-बदलापूरच्या पट्ट्याला पाणी पुरवतं. आपल्या शॉवरचं पाणी ज्या डोंगरांवरून निघतं, त्यांच्या कुशीतल्या पाड्यांवर एप्रिलमध्ये हंडे रांगेत असतात.

त्या रविवारी मी तिथे होतो. काकी व्हॉल्व्हजवळ उभ्या होत्या. त्यांनी कसली तक्रार केली नाही, भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं, ‘दादा, मक्याला आधी सोडू का हंडे आधी भरू?’

ऐन उन्हात, भरात आलेल्या मक्याच्या झाडाला दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी लागतं. दोनशे झाडांचे झाले साधारण साडेचारशे लिटर. हंडा पंधरा लिटरचा धरला तर तीस हंडे. आणि केस फुटतात तो आठवडा मक्यासाठी सगळ्यात नाजूक. तेव्हा पाणी तोडलं तर दाणे भरत नाहीत. मित्राला हे पाठ होतं, त्यानेच मला शिकवलं होतं. तो थोडा वेळ त्या केसांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘हंडे.’ आणि ठिबकचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने बंद केला.

दहा दिवसांत झाडं वाळली. वास्तुशांतीला तोरणं लागली ती आंब्याच्या पानांची. काकींनी वाळलेला एक मका सोलून बघितला, आत मोजून अकरा दाणे. ‘हा भाजून पण नाय खायचा ना?’ त्यांनी विचारलं. ‘नाही, लाह्या होतात याच्या.’ ‘मग अकरा लाह्या कर,’ म्हणाल्या. सगळे हसले. मित्रही हसला, पण जरा उशिरा.

त्याच महिन्यात मुरबाडला लिलीची पानं पिवळी पडून आडवी झाली होती. मैत्रीण आठवड्यातून एकदा भांडी धुतलेलं पाणी तिथे ओतत होती, तेवढंच. रांग मेल्यासारखी दिसत होती. कंदाने आपलं पाणी पोटात ठेवलं होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा हिरवी पाती, पाठोपाठ दांडे. तिने एप्रिलमध्ये कुणाचा हंडा मागितला नव्हता.

निकाल

म्हणून माझा निकाल ऐका. शहापूर-मुरबाडला बाग करायची असेल तर झाडाचा जुलैतला फोटो बघून ठरवू नका. एप्रिलमध्ये ते काय पितं ते विचारा, आणि कुणाच्या वाटचं पितं तेही. या कसोटीवर फेब्रुवारीत पेरलेला मका नापास. सप्टेंबरात पेरलेला मका मात्र पास! तो बिचारा पाणी मुबलक असतं तेव्हाच पितो आणि टंचाई यायच्या आत गाशा गुंडाळतो. लिली बारा महिने पास. आणि लँडस्केपवाल्याने गळ्यात मारलेलं ते हिरवंगार लॉन, जे मे महिन्यातही रोज दोनदा भिजवावं लागतं? ते तर परीक्षेलाच बसवू नका.

ज्यांना महिन्यातून एकदाच जाणं जमतं, ज्यांच्याकडे राखणीला कुणी नाही, त्यांनी लिली लावावी. नाल्याच्या कडेने, कुंपणालगत, मुलांच्या हाताबाहेर. ज्यांचं प्लॉटवर रोज कुणीतरी आहे, शेजाऱ्याशी बोलणं आहे आणि हाताने काही पिकवायची हौस आहे, त्यांनी मका लावावा. आणि जागा असेल तर दोन्ही लावा. खालच्या ओल्या अंगाला लिली, वरच्या उताराला मका. भांडत नाहीत दोघं, भांडतात ते त्यांचे मालक!

लावण्याआधी एवढं बघा

मका: सप्टेंबरात पेरा, दीड इंच खोल. भरपूर शेणखत, गुडघाभर झाल्यावर बुंध्याला मातीची भर. पोंगा दर दोन दिवसांनी कुणीतरी बघायला हवा. कणसाचं पान कागदासारखं वाळलं की तोडा, पान मागे सोलून सावलीत टांगा. दाणे कडक असतात, भाजून खाता येत नाहीत. लाह्या करा किंवा दळा. बी धरायचं असेल तर एकाच सुंदर कणसाचं धरू नका, जितक्या जास्त झाडांचं मिसळाल तितकं पुढचं पीक दमदार.

लिली: पावसाच्या तोंडावर, मेअखेर किंवा जूनमध्ये लावा. ऊन असेल तर फुलं जास्त, सावलीत नुसती पानं. तीन-चार वर्षांनी कंद वेगळे करा, हातमोजे घाला, नंतर हात धुवा. जास्तीचे कंद शेजाऱ्यांना द्या, पण हे खायचं नाही असं स्पष्ट सांगून.

आणि प्लॉटवर बोअर असेल तर एप्रिल-मेमध्ये बाहेरच्या अंगाला एक नळ काढून ठेवा. त्याला माळी लागत नाही.